कॉर्नियाचे क्रॉस-लिंकिंग : उत्तरकाल आणि वैद्याचे कर्तव्य

चष्म्याचा क्रमांक वारंवार बदलणारे व डोळे सतत चोळणारे किशोरवयीन रुग्ण नेत्रकंडूची तक्रार घेऊन आपल्याकडे येतात. त्यांपैकी काहींना केराटोकोनस असू शकतो. या विकारात कृष्णमंडल, म्हणजेच कॉर्निया, उत्तरोत्तर पातळ होऊन शंकूप्रमाणे पुढे येतो आणि दृष्टी विकृत होते. ही वाढ रोखण्यासाठी क्रॉस-लिंकिंग करतात. अशा रुग्णाबाबत वैद्याने काय जाणावे, याचा येथे संक्षेपाने विचार करू.

चिकित्सेचे स्वरूप : जर्मनीतील ड्रेस्डेन येथे विकसित झालेल्या या पद्धतीचे रुग्णांवरील निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ पद्धतीत डोळा बधिर करून कॉर्नियाचा बाह्यस्तर काढतात, ०.१ टक्के रायबोफ्लेविनचे थेंब ३० मिनिटे घालतात व त्यानंतर सुमारे ३७० नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण ३० मिनिटे सोडतात. कोलॅजन तंतूंमध्ये नवे बंध निर्माण होऊन कॉर्नियास दृढता येते. अंतःस्तराच्या रक्षणार्थ या पद्धतीत कॉर्नियाची जाडी किमान ४०० मायक्रॉन असावी लागते. रायबोफ्लेविन हे ब-२ जीवनसत्त्व होय. तथापि ते पोटात घेऊन उन्हात बसणे हा या चिकित्सेचा पर्याय नव्हे.

उत्तरकाल : पहिले काही दिवस वेदना, अश्रुस्राव व प्रकाश सहन न होणे ही लक्षणे असतात. बाह्यस्तर भरून येईपर्यंत संरक्षक काँटॅक्ट लेन्स ठेवतात. दृष्टी आरंभी अधिक धूसर होते. ती स्थिरावण्यास काही महिने लागतात. विकाराची वाढ थांबविणे हा या चिकित्सेचा हेतू असल्याने चष्मा किंवा लेन्स बहुधा लागतेच, हे रुग्णास आधीच सांगावे.

वैद्याचे कर्तव्य : बाह्यस्तर नसलेला कॉर्निया हा उघडा व्रण आहे. या काळात मध, त्रिफळाक्वाथ, घृत, गुलाबजल यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. जंतुसंसर्ग झाल्यास कॉर्नियावर कायमचा डाग राहून दृष्टी जाऊ शकते. अंजन, आश्च्योतन, तर्पण आदी क्रियाकल्प नेत्रशल्यचिकित्सकाच्या संमतीविना सुरू करू नयेत. त्यांनी दिलेले थेंबही परस्पर बंद करू नयेत. वेदना कमी होण्याऐवजी वाढली, पू आला, लाली वाढली किंवा कॉर्नियावर पांढरा ठिपका दिसला, तर रुग्णास त्याच दिवशी त्यांच्याकडे पाठवावे.

आपले खरे कार्य निदानपरिवर्जनाचे आहे. डोळे चोळणे हे या विकाराच्या वाढीचे महत्त्वाचे कारण मानले जाते. म्हणून ती सवय सुटावी यासाठी रुग्णास व पालकांस पुनःपुन्हा समजवावे आणि कंडूचे मूळ शोधावे. संशय येताच कॉर्नियाच्या टोपोग्राफी तपासणीचा आग्रह धरावा. वाढता केराटोकोनस कोणत्याही क्रियाकल्पाने थांबतो, असे सिद्ध झालेले नाही. त्या प्रयोगात गेलेले महिने रुग्णास परत मिळत नाहीत.