कला शाखेच्या विद्यार्थ्यांची शिकाऊ उमेदवारी

अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावरील घोडेगाव हे नेवासा तालुक्यातील गाव कांद्याच्या व जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. बाजाराच्या दिवशी येथे हिशेब, नोंदी, पत्रव्यवहार आणि माणसांशी बोलणे अशी शेकडो कामे चालतात. याच गावातून महाविद्यालयात जाणाऱ्या कला शाखेच्या विद्यार्थ्याला मात्र, आपल्या शिक्षणाचा या कामांशी काही संबंध आहे, असे सहसा वाटत नाही. शिकाऊ उमेदवारी ही कारखान्यात जाणाऱ्यांसाठी असते, अशी समजूत अद्याप रूढ आहे.

ही समजूत निराधार नव्हती. १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम प्रारंभी कारागिरीच्या व्यवसायांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवीधर व पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले. अन्य शाखांच्या पदवीधरांना हे दार उघडण्यास २०१४ ची दुरुस्ती यावी लागली. दार उघडले, परंतु त्याची वार्ता गावोगाव पोहोचली नाही.

तीन वेगळ्या वाटा

आज विद्यार्थ्यापुढे प्रामुख्याने तीन वाटा आहेत. त्यांची गल्लत झाल्यास वर्ष वाया जाण्याचा संभव असतो.

पहिली वाट अभ्यासक्रमातील कार्यप्रशिक्षणाची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार राज्यात आखलेल्या अभ्यासक्रमात त्यास चार श्रेयांक आहेत. एका श्रेयांकास ३० तास, म्हणजे एकूण १२० तास. रोज सहा तास काम केल्यास ते वीस दिवसांत पूर्ण होते. यात विद्यावेतनाची हमी नसते.

दुसरी वाट अधिनियमाखालील शिकाऊ उमेदवारीची. पदवीधरासाठी ती साधारणतः एक वर्षाची असते. २०१९ च्या नियमदुरुस्तीने पदवीधराचे किमान मासिक विद्यावेतन ९,००० रुपये ठरविण्यात आले व त्यातील निम्म्या रकमेची प्रतिपूर्ती केंद्र शासनाकडून करण्याची तरतूद झाली. तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये पदवी अभ्यासक्रमातच शिकाऊ उमेदवारी अंतर्भूत करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांनुसार तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रे प्रत्यक्ष कामासाठी ठेवता येतात. महाविद्यालयाने असा अभ्यासक्रम स्वीकारला असेल, तरच हा लाभ मिळतो.

तिसरी वाट मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेची. ९ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने तिचा प्रारंभ झाला. पदवीधरास दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन व सहा महिन्यांचा कालावधी ठरविण्यात आला. २०२५ मध्ये तो अकरा महिन्यांपर्यंत वाढविण्यात आला. शिक्षण चालू असलेले उमेदवार या योजनेस पात्र नाहीत, ही अट अनेकांच्या नजरेतून सुटते. अर्ज करण्यापूर्वी जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात चालू नियमांची खात्री करून घेणे हिताचे होय.

काम आधी, कार्यालय नंतर

जागा मिळविताना विद्यार्थी बहुधा “काही काम आहे का?” असे विचारतो आणि “नाही” हे उत्तर घेऊन परततो. त्याऐवजी आपण कोणते काम करू शकतो, हे त्याने एका पानावर लिहून न्यावे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास कांद्याची आवक व भाव यांचा हंगामवार तक्ता करता येईल. मराठीच्या विद्यार्थ्यास ग्रामसभेचे इतिवृत्त सुबोध भाषेत मांडता येईल, सार्वजनिक ग्रंथालयाची सूची करता येईल. भूगोलाच्या विद्यार्थ्यास गावातील विहिरींच्या पाणीपातळीची नोंद ठेवता येईल. इतिहासाच्या विद्यार्थ्यास तर तालुक्यातच मोठे क्षेत्र आहे. ज्ञानेश्वरीची रचनाभूमी असलेल्या नेवाशात १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या उत्खननात प्रागैतिहासिक काळापासूनच्या वस्तीचे अवशेष उजेडात आले. त्या परिसराची माहिती यात्रेकरूंना नेमकेपणाने सांगणे हेही प्रशिक्षणच आहे.

होकार मिळाल्यावर काम, तास, मार्गदर्शकाचे नाव आणि विद्यावेतन किंवा प्रवासखर्च या बाबी लेखी असाव्यात. विद्यार्थ्याने रोजनिशी ठेवावी व अखेरीस अहवाल द्यावा.

जबाबदारी उभयपक्षी

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी “कमवा व शिका” हे तत्त्व महाराष्ट्रात रुजविले. श्रमाने शिक्षणास कमीपणा येत नाही, हा त्याचा गाभा होता. तो टिकवायचा तर श्रमही शिकविणारे असले पाहिजेत. १२० तास केवळ शिक्के मारण्यात व चहा आणण्यात गेले, तर श्रेयांक मिळतात, शिक्षण मिळत नाही. ज्याच्या घरी शेतमजुरीवर चूल पेटते, त्याला वीस दिवसांची मजुरी सोडणेही जड जाते. मग तो नाव घालून प्रमाणपत्र मिळविण्याच्या सोप्या मार्गास लागतो, आणि खोटेपणा हाच त्याचा पहिला कार्यानुभव ठरतो.

म्हणून प्राध्यापकांनी सत्र सुरू होण्यापूर्वीच जागांची यादी करावी, अधिकाऱ्यांनी विद्यार्थ्यामागे एक जाणता कर्मचारी नेमावा आणि ग्रामपंचायतीने वर्षातून एकदा, आपल्याकडे लेखनाचे, नोंदीचे व पाहणीचे कोणते काम रखडले आहे, हे महाविद्यालयास कळवावे. घोडेगावच्या बाजारात माल घेऊन येणाऱ्यास जागा कोठे आहे, हे ठाऊक असते. शिकून आलेल्या मुलामुलींनाही ते ठाऊक करून देणे, हे गावाचे व शासनयंत्रणेचे समान कर्तव्य आहे.