यंत्र स्वस्त, शाई महाग

आता गावोगाव मोबाइल आले. सातबारा, शाळेचे अर्ज, विम्याच्या पावत्या, सारे मोबाइलवर दिसते. पण कचेरीत गेले की साहेब म्हणतात, "कागद आणा." मग एका कागदासाठी तालुक्याला खेप. म्हणून पुष्कळ घरी विचार निघतो, आपणच एक प्रिंटर घ्यावा का?

घ्यावा की नाही, ते पुढे बघू. आधी तो चालतो कसा ते समजून घेऊ.

घरी वापरायचे बरेचसे प्रिंटर पातळ शाईवर चालतात. त्यांना इंकजेट म्हणतात. रंगपंचमीला आपण पिचकारी मारतो ना, तसाच हा प्रकार. मात्र ही पिचकारी फार बारीक. तिच्या तोंडाशी केसाहून बारीक अशी पुष्कळ छिद्रे असतात. हे तोंड मागाच्या धोट्यासारखे कागदावरून इकडून तिकडे फिरते. जिथे अक्षर हवे तिथेच शाईचे थेंब सोडते. शाया चार असतात : काळी, निळी, किरमिजी आणि पिवळी. त्यांच्या मिश्रणातून बाकीचे रंग होतात.

ही युक्ती कशी सुचली, त्याची एक गंमत आहे. जपानात कॅनन नावाची कंपनी आहे. तिथे १९७७ साली डाग देण्याची तापलेली सळई शाई भरलेल्या सुईला चुकून लागली. त्याबरोबर सुईतून शाई उडाली! उष्णतेने शाई उडवता येते, हे त्यावरून ध्यानात आले. सगळे प्रिंटर मात्र असे उष्णतेवर चालत नाहीत. काही शाई दाबून उडवतात.

आता पैशाचे बोलू. दुकानात गेलात की दुकानदार यंत्राची किंमत सांगतो. शाईची किंमत सहसा आपणहून सांगत नाही. खरी मेख तिथेच आहे. यंत्र एकदाच घ्यायचे. शाई मात्र पुन्हा पुन्हा घ्यावी लागते.

शाई दोन तऱ्हेने मिळते. एका तऱ्हेच्या प्रिंटरला छोटी बंद डबी लागते. तिला कार्ट्रिज म्हणतात. ती संपली की नवी आणायची. असा प्रिंटर स्वस्त, पण डबी महाग. दुसऱ्या तऱ्हेच्या प्रिंटरला शाईच्या टाक्या असतात. त्यात बाटलीने शाई ओतायची. हा प्रिंटर महाग, पण शाई स्वस्त. इंडोनेशिया देशात लोक डबीच्या प्रिंटरला बाहेरून नळ्या आणि टाक्या जोडू लागले होते. गरजवंताला अक्कल असते! पुढे २०१० साली एप्सन कंपनीनेच टाकीचा प्रिंटर काढला, आणि तो प्रथम त्याच देशात विकला.

आपण हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. खरे भाव तुम्ही दुकानात विचारा.

समजा, डबीचा प्रिंटर ४,००० रुपयांना आहे. डबी ८०० रुपयांची, तिच्यात २०० पाने होतात. म्हणजे एका पानाला ४ रुपयांची शाई लागली. टाकीचा प्रिंटर १२,००० रुपयांना आहे. काळ्या शाईची बाटली ४०० रुपयांची, तिच्यात ४,००० पाने होतात. म्हणजे एका पानाला १० पैसे! यंत्राला ८,००० रुपये जास्त मोजले. पण दर पानाला ३ रुपये ९० पैसे वाचले. सुमारे २,०५० पाने झाली की जास्तीचे पैसे वसूल.

आता स्वतःला विचारा, आपल्या घरी महिन्याला पाने किती लागतात? बचत गटाचा हिशेब आहे, शिकवणीचे कागद आहेत, महिन्याला २०० पाने सहज होतात. मग टाकीचे यंत्र वर्षाच्या आत फिटते. तेच महिन्याला २० पाने असली तर साडेआठ वर्षे लागतील. तोवर यंत्र टिकते का, कुणी सांगावे? आणि महिन्याला चार-पाचच कागद लागत असतील, तर आमच्या मते प्रिंटर घेऊच नये. गावातल्या सेवा केंद्रात पानामागे पाच-दहा रुपये द्यावेत आणि मोकळे व्हावे. मुले रुसली तर रुसू द्यात.

फक्त काळी अक्षरेच हवी असतील तर लेझर प्रिंटरचीही चौकशी करा. त्यात पातळ शाई नसते, भुकटी असते. ती वाळून बसत नाही.

डबीवर किंवा बाटलीवर पानांचा आकडा छापलेला असतो. तो स्वतः वाचा. आता तुम्हाला वाचता येते, दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहायचे कारण नाही. पण तो आकडा साध्या अक्षरांच्या पानांचा असतो. फोटोला शाई कितीतरी जास्त लागते. शिवाय नव्या डबीच्या प्रिंटरबरोबर जी पहिली डबी येते, तिच्यात पुष्कळदा शाई कमी भरलेली असते. "बरोबर शाई फुकट आहे" एवढ्यावर भुलू नका.

घेतल्यावर शाई कशी वाचवायची? छापण्याआधी पडद्यावर पान नीट वाचून घ्या. नाव चुकले तर कागद आणि शाई दोन्ही वाया. घरच्या कामाला 'ड्राफ्ट' नावाची फिकी छपाई असते, ती निवडा. रंग नको असेल तर 'ग्रेस्केल' निवडा.

प्रिंटर नुसता पडून राहिला की छिद्रांत शाई वाळते. मग ती धुवायला यंत्र आणखी शाई खर्च करते. म्हणून आठवड्याला एखादे रंगीत पान काढावे. बंद करताना भिंतीवरचे बटण एकदम दाबू नका. आधी प्रिंटरचे स्वतःचे बटण दाबा. मग त्याचे तोंड जागेवर जाऊन झाकले जाते आणि शाई वाळत नाही.

टाकी भरताना रंग बघून भरा. खुणेच्या वर भरू नका. बाटल्या पोरांच्या हाती लागू देऊ नका. पावसाळ्यात कोरे कागद पिशवीत बांधून ठेवा. दमट कागद यंत्रात अडकतात. आणि छापलेला सातबारा घेऊन भर पावसात निघालात, तर तो प्लास्टिकच्या पिशवीत घाला. ही शाई पाण्याने पसरते, आणि पसरलेला कागद कचेरीत कुणी घेत नाही.