प्रेमभावनेचा स्त्रीस्वर : उच्चार आणि कर्तृत्व

प्रेम हा स्त्रीचा आणि पराक्रम हा पुरुषाचा प्रांत, अशी विभागणी मराठी साहित्यविचारात दीर्घकाळ गृहीत धरली गेली आहे. शाहिरी वाङ्मयाच्या अध्यापनात लावणी व पोवाडा या रचनाप्रकारांच्या आधारे ती जणू सिद्धच मानली जाते. विरहिणीची लावणी म्हणजे ‘स्त्रीमनाचा उत्कट आविष्कार’, हा अभिप्राय उत्तरपत्रिकांतून सर्रास आढळतो. या अभिप्रायात उच्चार आणि कर्तृत्व यांची गल्लत होते. काव्यात बोलणारी स्त्री आणि ते काव्य रचणारी व्यक्ती यांतील अंतर तपासले असता, स्त्री व प्रेम यांचे साहचर्य बऱ्याच अंशी वाङ्मयीन संकेतांनी घडविलेले आहे, असे दिसून येते.

या संकेताची परंपरा प्राचीन आहे. हाल सातवाहनाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, माहाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’त अनेक गाथा नायिकेच्या किंवा तिच्या सखीच्या मुखी आहेत. काही गाथा स्त्रीकवींच्या नावावर सांगितल्या जातात हे खरे. तथापि बहुसंख्य नावे पुरुषांची आहेत. ज्ञानेश्वरांच्या नावावरील विरहिण्यांत ईश्वराची ओढ व्यक्त करण्यासाठी पुरुष संतच स्त्रीचा स्वर स्वीकारतो. उत्तर पेशवाईत राम जोशी, होनाजी, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर या शाहिरांनी नायिकेच्या तोंडी शृंगार व विरह घातला. त्या काळच्या तमाशाच्या फडात स्त्रीची भूमिका नाच्या पोऱ्या करीत असे. म्हणजे रचनाकार पुरुष, सादर करणारा पुरुष आणि श्रोतृवर्गही प्रामुख्याने पुरुषांचा; स्त्रीचा होता तो केवळ स्वर. झुरणारी, वाट पाहणारी नायिका ही मुख्यतः या श्रोत्याची अपेक्षा होय.

याउलट जात्यावरील ओवी ही स्त्रियांनी रचलेली व स्त्रियांनीच जतन केलेली रचना आहे. हेमा राईरकर व गी पॉइत्व्हँ यांच्या पुढाकाराने झालेल्या संकलनात अशा एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. या ओव्यांतील भावविश्वात माहेर, आई, भाऊ, लेकरे, सासुरवास, सीतेचे दुःख आणि पंढरीचा विठ्ठल यांना मोठे स्थान आहे. पती येतो तो बहुधा कुंकवाच्या आणि अहेवपणाच्या संदर्भात. उत्कटता येथेही आहे. परंतु भावाच्या वाटेकडे लागलेले डोळे आणि लावणीतील नायिकेचे डोळे एक नव्हेत.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. लावणी कृत्रिम आणि ओवी म्हणजे स्त्रीचे खरे अंतःकरण, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. पहाटेच्या दळणाचे गाणे सासूच्या आणि घरातील इतरांच्या कानी पडत असे. त्यामुळे पतिप्रेमाविषयीचे किंवा अन्य आकर्षणाविषयीचे मौन हे भावनेच्या अभावाचे नव्हे, तर मर्यादेचेही द्योतक असू शकते. ओवीलाही तिचे संकेत आहेत. फरक एवढाच, की ते निराळ्या श्रोत्यांसमोर घडले आहेत.

मुद्रित वाङ्मयात हे मौन ठळकपणे भंगले ते १९३३ मध्ये, ‘कळ्यांचे निःश्वास’ या कथासंग्रहाने. ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावामागील लेखिका कोण, याविषयी त्या वेळी कुतूहल आणि मोठे वादळ उठले. मालतीबाई बेडेकरांच्या या कथांतील सुशिक्षित अविवाहित तरुणींना प्रेमाची आस आहे. पण ती आस पगार, हुंडा, वय आणि कुटुंबाची जबाबदारी यांच्यापासून अलग करता येत नाही. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या शीर्षकातच हा पेच सामावलेला आहे. झुरणे येथेही आहे, परंतु त्याचे कारण प्रियकराची अनुपस्थिती एवढेच नाही. मुलीच्या कमाईवर उभे असलेले घर हेही त्याचे कारण आहे. विरहिणीच्या संकेतात ज्याला जागा नव्हती तो व्यवहार येथे प्रेमाच्या मध्यभागी येतो.

सारांश, स्त्री आणि प्रेम यांचा संबंध नाकारण्याचे कारण नाही; तो कोणी, कोणाच्या मुखाने आणि कोणासाठी सांगितला, हे विचारण्याचे मात्र आहे. लावणीचे सौंदर्य या प्रश्नाने उणावत नाही. उलट तिच्यातील नायिका ही शाहिराची कलानिर्मिती म्हणून अधिक स्पष्ट दिसू लागते. मात्र त्या निर्मितीलाच स्त्रीस्वभावाचा पुरावा मानण्याची सवय वर्गात चालू राहिली, तर ओवी आणि कथा यांतून स्त्रियांनी स्वतः जे सांगितले, ते आपल्याला अपवाद म्हणूनच ऐकू येत राहील.