घरचें उटणें आणि हातांचें शिक्षण

पाठाचा हेतु : घरीं सुगंधी उटणें व शिकेकाई कशी करावी, आणि अशा लहान कामांतून हातांस व मनास वळण कसें लागतें, हें समजून घेणें.

१. एका आजींची गोष्ट

सोलापूर जिल्ह्यांतील एका खेड्यांत मी उपासनेसाठीं जात असें. तेथील मंडळींत एक वृद्ध बाई होत्या. त्यांची आई दर वर्षीं दिवाळीपूर्वीं साऱ्या आळीस पुरेल इतकें उटणें कुटीत असे. पुढें त्या घराण्यानें बाप्तिस्मा घेतला. त्या वर्षीं कोणी तरी त्यांस सांगितलें कीं, उटणें हें जुन्या धर्माचें चिन्ह आहे, तें सोडून द्या. आईनें उखळ बाजूस ठेविलें तें पुन्हा काढिलें नाहीं. मीं एकदां आजींस विचारिलें, "आजी, त्यांत काय काय घालीत असत?" त्यांनीं सहा-सात नांवें सांगितलीं, मग थांबल्या आणि म्हणाल्या, "नांवं ठावं हायती, पाळकसाहेब. पर माप आईच्या हातात व्हतं."

एका अविचारी शब्दानें एका पिढींत एक कसब नाहींसें झालें. तो शब्द बरोबर होता काय, हें प्रथम पाहूं.

२. सोडावें काय आणि राखावें काय?

नरकचतुर्दशीस उटणें लावून करावयाच्या स्नानाशीं कांहीं विधि जोडलेले आहेत, हें खरें. ते विधि आपले नव्हेत. परंतु उटणें म्हणजे डाळीचें पीठ, मुळ्या आणि फुलें. त्यांनीं अंग स्वच्छ होतें, आणि अंग स्वच्छ करण्याचा कोणताहि एक वार नाहीं. रे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं कीर्तन व भजन हे आपल्या देशाचे प्रकार ख्रिस्ती उपासनेंत आणिले. जेथें गाण्याचें असें झालें, तेथें उखळाची भीति कां धरावी?

शिवाय शास्त्राच्या वाचकास उटण्याच्या सामानांतील एक नांव ओळखीचें वाटेल. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायांत मरियेनें प्रभूच्या चरणांस लाविलेलें मोलवान् तेल जटामांसीचें होतें. ही वनस्पति हिमालयांत होते. आपल्याकडे जुन्या उटण्यांत तिची मुळी घालीत आले आहेत. आज ती दुर्मिळ झाली आहे, म्हणून खाली दिलेल्या प्रमाणांत ती घेतलेली नाहीं. तिच्यावांचून कांहीं अडत नाहीं.

३. आपल्या जिल्ह्यास हें कां मानवतें?

सोलापूर जिल्ह्यांत पाऊस थोडा; वर्षाची सरासरी सुमारें ५५० मिलिमीटर. पुष्कळ विहिरींचें व बोअरचें पाणी जड असतें. ज्या पाण्यांत डाळ लवकर शिजत नाहीं, तें जड पाणी, अशी आपल्या बायकांची साधी परीक्षा आहे. अशा पाण्यांत चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. ते साबणाशीं मिळून पांढरा चिकट साका होतो. फेस येत नाहीं, आणि केस राठ होतात. रिठा व शिकेकाई यांत सॅपोनिन नांवाचें द्रव्य असतें. तें जड पाण्यांतहि फेस देतें व असा साका करीत नाहीं. तेव्हां आजीबाईंची रीत केवळ जुनी म्हणून टिकली नाहीं. ती या पाण्यास योग्य होती.

४. उटणें करण्याची रीति

सामान : मसुरीचें पीठ २०० ग्रॅम, संत्र्याच्या सालीची भुकटी, वाळा व नागरमोथा प्रत्येकीं ५० ग्रॅम, कचोरा, आंबेहळद व गुलाबाच्या पाकळ्या प्रत्येकीं २५ ग्रॅम. एकूण ४२५ ग्रॅम होतें. हें सामान काष्ठौषधीच्या दुकानीं मिळतें. पंढरपुरास बुक्का व अष्टगंध यांचा व्यापार मोठा असल्यामुळें तेथील बाजारांतहि सुगंधी मुळ्या पाहावयास सांपडतात. बागाइतींत आपण शिव्या देत उपटितों तो लव्हाळा नागरमोथ्याच्याच कुळांतला आहे. त्याच्या गांठी वाळवून हुंगून पाहा.

या कामास वर्षाचा क्रम आहे. संत्र्याच्या साली हिंवाळ्यांत सांठवाव्या. चैत्र-वैशाखांत, जेव्हां आपल्याकडे पारा ४० अंशांवर जातो, तेव्हां साली, पाकळ्या व मुळ्या सावलींत वाळवाव्या. उन्हांत घालूं नयेत. सुगंध हा उडून जाणाऱ्या तेलांत असतो, व तो उष्णतेनें लवकर जातो. याच कारणास्तव पिठाच्या तापलेल्या गिरणींत दळण्यापेक्षां उखळांत कुटणें बरें. वाळ्याच्या मुळ्या आधीं कात्रीनें बारीक कापाव्या, नाहीं तर त्यांचे तंतु राहतात. कुटलेलें सर्व तलम फडक्यांतून वस्त्रगाळ करावें, नवरात्राच्या सुमारास एकत्र मिळवावें, आणि कोरड्या बरणींत घट्ट झांकून ठेवावें.

वापरतांना दोन चमचे उटणें पाण्यांत किंवा दुधांत कालवून अंगास हलक्या हातानें चोळावें. प्रथम कोपराच्या आंतल्या बाजूस थोडें लावून एक दिवस पाहावें. खाज किंवा लाली आली तर वापरूं नये. तान्ह्या मुलांस लावूं नये. कित्येक उटण्यांत बावची घालितात. ती लावून उन्हांत गेल्यास कातडी भाजल्यासारखी होते, म्हणून ती टाळावी.

केसांसाठीं बिया काढलेली शिकेकाई ४ भाग, रिठ्याची साल १ भाग, वाळलेला आवळा १ भाग व नागरमोथा अर्धा भाग रात्रीं भिजत घालावा, सकाळीं उकळून गाळून घ्यावा. डोळ्यांत जाऊं देऊं नये, फार झोंबतें.

कॉस्टिक सोड्याचा साबण घरीं करण्याचा उत्साह नवशिक्यांनीं धरूं नये. सोड्यानें कातडी जळते व डोळा जाऊं शकतो. अॅल्युमिनियमचें भांडेंहि तो खातो. हें काम जाणत्याच्या हाताखालींच शिकावें.

५. हातांचें शिक्षण

माझ्या घरीं पहिल्या वर्षीं घाई झाली. पाकळ्या पुरत्या वाळल्या नव्हत्या. बरणी भरली, शेजारीं वांटली, आणि पंधरा दिवसांत तींत बुरशी धरली. मला प्रत्येक घरीं जाऊन ती परत मागावी लागली. त्या लाजेनें मी जें शिकलों तें येथें सांगतों.

पहिलें, वही ठेवावी. कोणत्या दिवशीं काय किती घातलें, वास कसा आला, हें लिहावें. माप हातांत असणें चांगलें, परंतु हात एक दिवस थांबतो. वही मुलीस देतां येते. दुसरें, एका वेळीं एकच फेरफार करावा. कचोरा वाढविला तर वाळा तितकाच ठेवावा. म्हणजे गुण कशाचा व दोष कशाचा हें कळतें. तिसरें, दोघींनीं मिळून करावें आणि मुलांच्या हातीं मुसळ द्यावें. चौथें, फार न करितां वर्षानुवर्षें करावें. उत्तर भारतांत फुलेल करितांना तिळांवर फुलांचा थर देतात, फुलें कोमेजलीं कीं काढून ताजीं घालितात, आणि असें पुष्कळ वेळां केल्यावर मग ते तीळ गाळतात. तिळांत वास एका दिवसांत शिरत नाहीं. हातांत कसबहि तसेंच.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनीं केडगांवच्या मुक्तिसदनांत दुष्काळांतून आणिलेल्या मुलींस विणकाम, तेल गाळणें, छपाई अशीं कामें शिकविलीं. पोटाची सोय हा एक हेतु होताच. पण जिला जगानें निरुपयोगी म्हटलें, तिनें आपल्या हातची नीट झालेली वस्तु पाहावी, यांत तिचें मन उभें राहतें.

विकण्याची इच्छा झाली तर एक गोष्ट लक्षांत ठेवावी. औषधें व सौंदर्यप्रसाधनें यांविषयींच्या १९४० च्या कायद्यान्वयें असे पदार्थ विक्रीसाठीं करण्यास परवाना लागतो. आधीं अन्न व औषध प्रशासनाच्या कचेरींत चौकशी करावी. आणि चंदन म्हणून रंगविलेला भुसा कधींहि घालूं नये. जें आपल्या लेकराच्या अंगास लावणार नाहीं, तें दुसऱ्याच्या हातीं देऊं नये.

६. शेवटीं आजींविषयीं

दुसऱ्या वर्षीं मीं आजींकडे लहान पुडी नेली. त्यांनीं हुंगून म्हटलें, "कचोरा कमी पडलाय." वहींत लिहून घेतलें. तिसऱ्या वर्षीं त्यांनीं पुडी बराच वेळ नाकाशीं धरिली, आणि नातीस हांक मारून म्हणाल्या, "आता जवळ आलं. हिला उखळ दावा." वर दिलेलें प्रमाण त्याच पुडीचें आहे.

विचारार्थ प्रश्न

१. आपल्या गांवच्या पाण्यांत साबणास फेस येतो काय? नसल्यास कां?
२. सामान सावलींत कां वाळवावें?
३. आपल्या घरांतील कोणतें कसब केवळ हातांत आहे, वहींत नाहीं? तें या आठवड्यांत विचारून लिहून काढा.
४. बाप्तिस्म्यानंतर आपल्या घरानें काय काय सोडिलें? त्यांतील कोणत्या गोष्टी सोडणें अवश्य होतें, आणि कोणत्या विचार न करितां गेल्या? उपदेशकांनीं हा प्रश्न मंडळींत, विशेषतः वृद्ध बायकांस, विचारावा.