खुराड्याच्या खालच्या फटी आधी बुजवा

चिमूरकडच्या नेरी, भिसी, शंकरपूर, जांभुळघाट या भागातून सध्या एकच तक्रार येत आहे. संध्याकाळी चरणारी पिल्ले सकाळी खुराड्याच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढून मेलेली सापडतात. बहुतेकांनी मानमोडी समजून औषध मागितले. मानमोडीत माना पिरगळतात, हिरवी हगवण लागते, मोठ्या कोंबड्याही पडतात. इथे जातात ती महिन्याच्या आतली पिल्ले, तीही पहाटे. लसीकरण झालेले आहे असे धरूनच सांगतो: हा फटीतून येणाऱ्या गार वाऱ्याचा मार आहे.

पावसाळ्यात फुगलेल्या फळ्या दिवाळीनंतर वाळतात, आकसतात आणि जमिनीलगत करंगळी जाईल एवढ्या फटी पडतात. पहिल्या आठवड्यात पिल्लाला सुमारे ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. मोठी कोंबडी पिसे फुगवून कोरडी थंडी सोसते. पिल्लाच्या अंगावर नुसती लव, आणि झोत नेमका त्याच्याच उंचीवर.

फटी तशाच ठेवून रात्रभर मोठा बल्ब जाळणे ही विजेची नासाडी आहे. हळद-लसणाच्या पाण्याने वारा अडत नाही. कागद, चिंध्या कोंबू नका, थर्माकोल तर नकोच. कोंबड्या तो टोचून खातात.

याहून घातक सवय म्हणजे अख्खे खुराडे ताडपत्रीत गुंडाळणे. नेरीकडच्या एका बचत गटातील ताईंनी चारही बाजू प्लास्टिकने बंद केल्या आणि आत घमेल्यात निखारे ठेवले. सकाळी एकही पिल्लू उठले नाही. कुठे ओरखडा नव्हता, रक्त नव्हते. कोंडलेल्या जागेत निखाऱ्याचा विषारी वायू साचतो, त्याला वास नसतो, म्हणून तो कळतही नाही. खुराड्यात शेगडी किंवा निखारे ठेवायचे नाहीत, कोणी कितीही सांगो. निखारे नसले तरी बंद खुराड्यात श्वासाची आणि विष्ठेची वाफ कोंडते, अमोनिया चढतो, कोंबड्या शिंकू लागतात, डोळे सुजतात. सकाळी दार उघडताच तुमचे डोळे चुरचुरले किंवा पत्र्याला आतून थेंब लोंबताना दिसले, तर हवा कमी पडते आहे.

खाली बंद, वर उघडे. जमिनीपासून कोंबड्या बसतात त्या दांडीच्या वर वीतभरापर्यंत एकही फट नको. छपराखाली मात्र वीतभर मोकळी पट्टी ठेवा, तिला अर्ध्या इंचाची जाळी ठोका. थंडीत वारा बहुधा उत्तर-ईशान्येकडून येतो, म्हणून ही पट्टी दक्षिणेकडे असलेली बरी. फटी शोधायच्या तर अंधारात आत बॅटरी लावून बाहेरून फिरा. उजेड गळतो तिथे वारा शिरतो.

शेणमाती कुडाला चालते, फळ्यांवर टिकत नाही. लाकूड हलले की पोपडा पडतो. फटीवर बाहेरून बांबूची कामटी ठोका. तळाशी पत्र्याची पट्टी वीतभर जमिनीत गाडा, म्हणजे मुंगूस आणि घूसही अडते.

पण ठोकण्याआधी फटी खरवडून त्यात उकळते पाणी ओता, मग चुना फासा. कोंबडीची गोचीड दिवसा फटीत दडते, रात्री रक्त पिते आणि काही न मिळता वर्षभरही तग धरते. एका खुराड्यात कोंबड्या वाळत चालल्या होत्या आणि घरचे खुराक वाढवत होते. एक फळी उचकटली तर खाली गोचिडींचा थर निघाला. जळके ऑइल फासू नका, कोंबड्यांची पिसे बरबटतात.

खाली धानाचे तूस दोन-तीन इंच अंथरा. मळणी नुकतीच झाली आहे, राइस मिलवर ते सहज मिळते. ओले झाले तेवढे काढा, बाकी चाळवत राहा. दमट, काळे पडलेले तणस अंथरू नका. त्यावरची बुरशी पिल्लांच्या फुप्फुसात उतरते, आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही.

हे काम या आठवड्यात करा, चिमूरच्या घोडायात्रेची वाट पाहू नका. कामट्या ठोकताना खिळे पूर्ण आत मारू नका. होळीनंतर त्या काढायच्या आहेत. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा हेच बंद खुराडे मोठ्या कोंबड्यांचा जीव घेईल.