फळांच्या सालींतून रोपांसाठी खत : अल्प भांडवलाचा उद्योग

रमजानमध्ये इफ्तारच्या दस्तरखानावर केळी, पपई, टरबूज असतेच. फळबाजारातही रोज माल नासतो. इस्लामने इसराफ, म्हणजे उधळपट्टी, निषिद्ध मानली आहे. हा कचरा फेकण्याऐवजी त्यापासून भाजीपाल्याच्या रोपांसाठी उत्तम खत होऊ शकते. मात्र काम समजून केले पाहिजे.

प्रथम हिशेब पाहू. १०० किलो फळकचऱ्यात सुमारे ८० किलो पाणीच असते. सुताचा व्यापारी ओले सूत वजनावर घेत नाही. तोच नियम येथे लावावा. कचरा लांब नेल्यास भाडे पाण्याचेच भरावे लागते. म्हणून खताचे पिंप बाजाराजवळच असावे.

कृती : पिंपाला चोहोबाजूंनी भोके पाडावीत. बारीक चिरलेल्या सालींचा एक थर, त्यावर दुप्पट जाडीचा वाळक्या पाल्याचा थर आणि वर थोडे शेण, असे थर द्यावेत. साली व वाळका पाला यांत नत्र बेताचेच असते. ते शेणातून मिळते. ओल इतकीच ठेवावी की मूठ दाबल्यावर एखादा थेंब यावा. दर आठवड्याला खालीवर करावे. हवा न मिळाल्यास आंबट वास सुटतो. दोन-तीन महिन्यांत खत काळसर, भुसभुशीत होते व मातीसारखा वास येतो.

कच्च्या साली रोपांजवळ कधीही घालू नयेत. कुजताना उष्णता व आम्ल निर्माण होते, जंतू मातीतील नत्र ओढून घेतात, पाने पिवळी पडतात. बुरशीमुळे रोपे कोलमडण्याचाही धोका असतो. केळीच्या सालीत पालाश भरपूर असले, तरी तेवढ्याने रोपाची सर्व गरज भागत नाही.

परीक्षा : एका कुंडीत खत मिसळलेली, दुसऱ्या कुंडीत साधी माती घेऊन दोन्हींत अळिवाचे दहा-दहा दाणे पेरावेत. खताच्या कुंडीत उगवण कमी झाली, तर खत अपक्व समजावे. पक्के खत चाळून, एक भाग खताला तीन भाग माती घेऊन टोमॅटो, मिरची, वांग्याची रोपे करावीत.

सुरुवात स्वतःच्या रोपांपासून करावी. पिशव्या भरून खत विकायचे असल्यास १९८५ चा खत नियंत्रण आदेश लागू होतो. २००६ पासून त्यात सेंद्रिय खतेही आली आहेत. त्यासाठी कृषी कार्यालयात चौकशी करावी.

अपक्व खत विकले, तर शेतकऱ्याची रोपे जातात आणि हंगाम परत येत नाही. मालातील दोष लपवून मिळवलेल्या पैशात बरकत नसते.