गाठीला मुहूर्त नसतो

बाळ, काल फोनवर तुझ्या कुत्रीबद्दल तू म्हणालीस, "आत्या, राणीच्या मागच्या सडाजवळ वाटाण्याएवढं काहीतरी हाताला लागतंय. पण खाते-पिते, खेळते. दिवाळी झाली की दाखवते." मला रात्रभर झोप लागली नाही. माझ्या पहिल्या कुत्रीच्या वेळी मीही असंच म्हटलं होतं. हळदीचा लेप लावत चार महिने घालवले. गाठ लिंबाएवढी झाली तेव्हा डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढला. रोग फुप्फुसात पोचला होता. त्यानंतर चाळीस वर्षं घरात कुत्री-मांजरं वाढली, तिघांना कर्करोग झाला, त्यांची शुश्रूषा मी केली. त्यातून जे हाती आलं ते तुझ्या ओटीत घालते.

गाठीला मुहूर्त नसतो. गाठ वाटाण्याएवढी, म्हणजे साधारण 1 सेंटीमीटर झाली किंवा महिनाभर टिकली, की डॉक्टरांना सुई घालून तपासायला सांगायचं. बारीक सुईने थोड्या पेशी ओढून काचपट्टीवर घेतात. बहुतेक वेळा भूलही द्यावी लागत नाही. "चरबीची आहे, राहू द्या" असं नुसतं चाचपून कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. कुत्रीच्या सडाच्या गाठींपैकी साधारण निम्म्या कर्करोगाच्या निघतात. मांजरीत तर दहातल्या आठ-नऊ. मांजरीची गाठ 2 सेंटीमीटरच्या आत असताना काढली तर पुढचं आयुष्य बरंच जास्त मिळतं, म्हणून एकेका आठवड्याला किंमत असते. आणि दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस. सुरुवातीला बहुतेक गाठी दुखत नाहीत.

काढलेली गाठ टाकून द्यायची नाही. सडाच्या गाठीचं नुसत्या सुईवरून नेहमी पक्कं कळत नाही. म्हणून गाठ काढूनच तपासावी लागते. ऑपरेशनआधी छातीचा एक्स-रे आणि रक्ततपासणी करून घे. गाठ काढल्यावर ती अख्खी प्रयोगशाळेत पाठवायला सांग. रिपोर्ट आला की दोन प्रश्न विचार: गाठ कोणत्या जातीची होती, आणि कापलेल्या कडा स्वच्छ आल्या का? पुढचा सगळा रस्ता या दोन उत्तरांवर ठरतो. जवळच्या दवाखान्यात सोय नसली तर पुण्याहून शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय लांब नाही. मुंबईत परळचं महाविद्यालय तर 1886 पासून आहे.

रविवारचा हात. हा मंत्र तुझ्या आजोबांचा. रोज संध्याकाळी ते बैलाच्या शिंगांवरून हात फिरवायचे. एकदा एका शिंगाचं बूड हाताला वेगळं लागलं. बैल त्या बाजूला मान झटकत होता. शिंगाचा कर्करोग निघाला. आपल्याकडच्या बैलांत तो आढळतो. वेळेत शिंग काढलं आणि त्या बैलाने पुढे कितीतरी पेरण्या केल्या. जनावर बोलत नाही, दुखणं लपवतं. आपल्या हातानेच ते ओळखायचं. तू निदान दर रविवारी राणीच्या जबड्याखाली, खांद्याच्या पुढे आणि मागच्या गुडघ्याच्या मागे चाचप. तिथल्या गाठी फुगल्या तर लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, असू शकतो. ओठ उचलून हिरड्या बघ. राणीला कुशीवर वळवून सड मोज, कुत्रीला साधारण दहा असतात आणि मांजरीला आठ. तुझी मांजर पांढरी आहे, तेव्हा तिच्या कानांची टोकं बघ. उन्हाने तिथे कर्करोग होतो आणि सुरुवातीला तो न भरणाऱ्या खपलीसारखा दिसतो. मोठ्या चणीचा कुत्रा कारण नसताना आठवडाभर लंगडला तर त्याच्या हाडाचा एक्स-रे काढायचाच.

रस्त्यावरून आणलेल्या जिवाचं रक्त बघ. लघवीच्या जागेतून किंवा एका नाकपुडीतून थेंब थेंब रक्त येत असेल तर "माज असेल", "उष्णता झाली" म्हणून सोडू नकोस. कुत्र्यांत संगातून, चाटण्या-हुंगण्यातून पसरणारी एक गाठ असते. तिच्या पेशीच एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर रुजतात. दिसायला भयंकर, पण ती बहुतेकदा पूर्ण बरी होते. आठवड्याला एक याप्रमाणे साधारण चार ते सहा इंजेक्शनं लागतात. व्हिन्क्रिस्टिन नावाचं ते औषध आपल्या दारातल्या सदाफुलीपासून मिळतं. म्हणून पाला मात्र खाऊ घालू नकोस, तो विषारी आहे. आणि गाठ बसली म्हणून इंजेक्शनं मधेच थांबवू नकोस.

नसबंदी लवकर. 1969 साली अमेरिकेत झालेल्या अभ्यासात पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालेल्या कुत्र्यांमध्ये सडाच्या कर्करोगाचा धोका, ऑपरेशन न झालेल्यांच्या मानाने जेमतेम अर्धा टक्का आढळला. एक माज झाल्यावर 8 टक्के, दोन झाल्यावर 26. पुढचं पिल्लू आणशील तेव्हा हे आकडे आठव. मोठ्या जातीचं असेल तर सांध्यांचाही विचार करून वेळ डॉक्टरांशी बोलून ठरव.

किमोला भिऊ नकोस, पण बेफिकीर राहू नकोस. माणसांइतके कडक डोस जनावरांना देत नाहीत. रोग मुळासकट उपटण्यापेक्षा चांगले दिवस वाढवणं हा तिथला हेतू असतो. बहुतेकांचे केसही गळत नाहीत. पण इंजेक्शननंतर साधारण आठवड्याने पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या दिवसांत मलूल वाटली की ताप मोज. 103 अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर रात्र असो, पहाट असो, फोन करायचा. किमोनंतर दोन-तीन दिवस शी-शू हातमोजे घालून साफ कर. घरातल्या गरोदर बाईने त्याला हात लावू नये. लिम्फोमाचा संशय असेल तर तपासणीआधी स्टेरॉइड सुरू करू देऊ नकोस. पुढे किमोचा गुण कमी येतो.

स्वयंपाकघरातली पथ्यं. आपल्या रश्श्यातला कांदा-लसूण दोघींनाही विष आहे. उकडलेलं चिकन, मऊ भात, मीठ-मसाला काही नाही. किमो चालू असताना कच्चं मांस, कच्चं अंडं बंद. मांजर खात नसेल तर अन्न कोमट कर, वासाने तोंड लावते. दोन दिवस उपाशी राहिली तर तिचं यकृत बिघडू लागतं, तेव्हा थांबू नकोस. आपल्या डब्यातली वेदनाशामकं कधीच देऊ नकोस. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर दगावू शकते.

कालनिर्णयावर खूण कर. उपचार चालू झाले की रोज रात्री त्या दिवसाच्या चौकटीत लिही: चांगला की वाईट. तिला आवडणाऱ्या तीन गोष्टी आधीच ठरव. दारात स्वागताला येणं, चेंडू, उन्हात लोळणं. मन आपल्याला फसवतं, चौकटी फसवत नाहीत. वाईट दिवस चांगल्यांहून जास्त झाले आणि औषधाने वेदना हटेना, तर डॉक्टरांशी निरोपाचं बोलायचं. माझ्या बोक्याच्या वेळी मी दहा दिवस उशीर केला. ते दहा दिवस माझ्यासाठी होते, त्याच्यासाठी नव्हते. तू तसं करू नकोस.

पण तुझी राणी अजून त्या वाटेवर नाही. गाठ वाटाण्याएवढी आहे आणि तुझ्या हाताने ती वेळेत शोधली आहे. आज रात्री मोजपट्टी लावून माप लिहून ठेव, तारखेसकट. उद्या सकाळी तिला घेऊन जा. संध्याकाळी मी फोन करीन तेव्हा बाकी काही विचारणार नाही. सुई झाली का, एवढंच विचारीन.